क्लच नसलेली गाडी आणि बारा पेट्या माश्या

वाई ते अमरावती

पारशिवनीच्या वासुदेवरावांचं पहिलं पत्र आलं ते दिवाळीच्या सुमाराला. 'आमची संत्र्याची बाग आहे. झाडं फुलांनी पांढरी होतात, फळ मात्र मोजकंच धरतं. आपण महाबळेश्वराच्या रानातल्या मधमाश्या पेट्यांत पाळता असं समजलं. त्या इकडे आणता येतील काय?' पत्र मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावावर होतं. मामंजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यापासून दहा वर्षं माश्याच पाळत होते. त्यांनी पत्र तीनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सुधा, गाडी नागपूरपर्यंत जाईल का गं?"

गाडी माझी. म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांची पाचगणीला टॅक्सी होती आणि ही जुनी विलायती बनावटीची बंद डब्याची गाडी त्यांनी म्हातारपणी हौसेनं घेतली होती. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली, कारण चालवायला त्यांनी फक्त मलाच शिकवलं होतं. आमच्या ह्यांचा छापखाना. तो आठवडाभर बंद ठेवणं शक्य नव्हतं आणि तसंही त्यांना गाडी येत नाही. म्हणजे चालवणार मी, बरोबर मामंजी आणि मागे बारा पेट्या माश्या.

गल्लीत चर्चा झालीच. सून आणि सासरा, अडुसष्ट साल, साडेआठशे किलोमीटर, आणि चालवणार बाई! आमच्या एका चुलत सासूबाईंनी तर मामंजींना घरी येऊन विचारलं. मामंजी म्हणाले, "माश्यांच्या पेटीत सगळा कारभार बायकाच बघतात. तिथं कुणाची तक्रार माझ्या कानावर आलेली नाही."

फेब्रुवारीत निघालो. आदल्या संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर पेट्यांची दारं जाळी ठोकून बंद केली होती. पेटीवर ओलं गोणपाट, गाडीत पाण्याचे दोन डबे. मामंजींनी निघतानाच सांगून ठेवलं, "तिसऱ्या दिवशी मावळतीच्या आत पेट्या उघडायच्या. त्यापुढे या कोंडून घेणार नाहीत. उष्म्यानं मरतील, नाहीतर उघडल्या उघडल्या पळून जातील. आपली ही रानातली सातेरी माशी मानी असते."

पहिला मुक्काम औरंगाबाद, दुसरा अमरावती. वाटेतलं सगळं सांगत बसत नाही, पण एक सांगायलाच हवं. इकडे आमच्या घाटावर रस्ता सारखा वळतो, त्यामुळे पुढे काय आहे ते कळत नाही. वऱ्हाडात रस्ता सरळ जातो तो जातोच. दूरवरचं झाड दिसतं, आपण गप्पा मारतो, डबा उघडून दशमी खातो, तरी झाड तिथंच. मला असा रस्ता चालवायला मिळालाच नव्हता. मी गाणं म्हणत गाडी हाणत होते आणि मागून माश्यांचा एकसारखा सूर लागलेला होता.

अमरावतीला पोचता पोचता क्लच थोडा मऊ लागला. आता आमच्या गाडीचा क्लच तारेवर चालत नाही. पेडल दाबलं की एका छोट्या भांड्यातलं तेल नळीतून खाली ढकललं जातं आणि खालचं एक रबरी बूच ते तेल झेलून क्लच सोडवतं. झाकण उघडून पाहिलं तर भांड्यातलं तेल कमी झालेलं. पेट्रोल पंपावर एकाने डबा पुढे केला. "तेल ते तेल," तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं, आणि मी माझ्या हातानं इंजिनाचं तेल त्यात ओतलं. हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याला दुसरं कुणी जबाबदार नाही.

जकात नाका

तिसऱ्या दिवशी सकाळी नागपूर दिसायला लागलं. नाक्यावर ट्रकांची रांग होती. मी थांबण्यासाठी क्लच दाबला आणि पाय थेट तळाला टेकला. पेडल परत वर आलंच नाही. गाडीनं एक गचका खाल्ला आणि इंजिन बंद पडलं. मामंजींचं कपाळ समोरच्या काचेवर आपटता आपटता राहिलं.

मी खाली उतरून वाकले. गाडीखाली डांबरावर तेलाचा काळसर डाग पसरत होता.

तेवढ्यात नाक्यावरचा कारकून हातात वही घेऊन आला. "पेट्याइत काय हाये?"

"माश्या," मामंजी म्हणाले.

"मासोळ्या?"

"नव्हे, मधमाश्या. जिवंत."

कारकुनानं कान पेटीला लावला आणि दोन पावलं मागं सरकला. वहीतली दरांची यादी त्यानं वरून खाली आणि खालून वर पाहिली. मध होता, मेण होतं, जनावरं होती. माश्या नव्हत्या. त्यानं आतल्या साहेबाला विचारलं. साहेब बाहेर आले, त्यांनीही कान लावला, ते तीन पावलं मागं सरकले आणि म्हणाले, "जाऊ दे बाप्पा लवकर, इथे नको थांबवू."

लवकर! मला हसू आवरेना. ज्या गाडीचा क्लच आत्ताच गेला होता, तिला लवकर जा म्हणत होते.

वडिलांनी मला एकदा, पाचगणीच्या पठारावर, क्लचला पाय न लावता गाडी चालवायला शिकवलं होतं. "कधीतरी लागेल," म्हणाले होते. इंजिन बंद असतानाच पहिला गिअर टाकायचा आणि स्टार्टर मारायचा. गाडी बेडकासारखी उडी मारते, पण इंजिन पेटतं. मग वेग आला की ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल सोडायचा, इंजिनाचा आवाज खाली येतो तो ऐकायचा आणि नेमक्या त्या सुरावर गिअर सरकवायचा. सूर चुकला तर दातांवर दात घासल्याचा आवाज येतो. पण पठारावर गायी होत्या. इथं समोर अख्खं नागपूर पसरलेलं होतं, आणि वासुदेवराव आमची वाट पाहत होते ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, सक्करदऱ्याला, त्यांच्या बहिणीच्या घरी.

"मामंजी, घट्ट धरून बसा."

"मी पेट्या धरतो," ते म्हणाले आणि चक्क मागं जाऊन बसले.

बर्डीतून

सुरुवातीचा रस्ता फार सुंदर होता. दोन्ही बाजूंना मोठी झाडं, रुंद आवारांचे बंगले, आणि उतार. दुसरा गिअर मी इतका हलका सरकवला की माझं मलाच कौतुक वाटलं. तिसराही पडला. पदर कमरेला खोचलेला, खिडकीतून गार वारा, मागं माश्या, आणि मी क्लचशिवाय नागपुरात! भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला आनंद झाला होता. सायकलवाले वळून वळून बघत होते. इतक्या सायकली मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. आमच्याकडे चढउतारांमुळे सायकल हातात धरून चालावं लागतं. इथं कचेरीत जाणारे, कॉलेजात जाणाऱ्या मुली, सगळे सायकलींवर.

बर्डीच्या भर बाजारपेठेतल्या चौकात पोलीस छत्रीखाली उभा होता. मी शंभर पावलांवरून देवाला हात जोडले (म्हणजे मनात, हात चाकावर होते). त्यानं नेमका आमच्याकडेच पंजा दाखवला.

मी ब्रेक मारला. गचका. इंजिन बंद. त्यानं जायची खूण केल्यावर मी स्टार्टर मारला; गाडीनं उडी मारली आणि त्याच्या चौथऱ्यापासून हातभर अंतरावरून निघाली.

"ओ बाई! अशी काहून चालवून राहिल्या?" तो ओरडला.

मामंजींनी मागच्या खिडकीतून डोकं काढून शांतपणे उत्तर दिलं, "क्लच नाही हो! आणि माश्या आहेत!" या दोन गोष्टींचा काय संबंध असावा, याचा विचार तो पोलीस अजून करत असेल.

पुढच्या चौकात तेच. त्याच्या पुढच्या चौकात बैलगाडी आडवी आली आणि स्टार्टरनं नुसतं गुरगुरून दाखवलं. बॅटरी दमली होती. गाडी भर बाजारात उभी. ऊन वर चढलेलं. मागून येणारा माश्यांचा सूर बदलला होता. आतापर्यंत तंबोऱ्यासारखा होता, तो आता चिरका झाला होता. मामंजी गोणपाटांवर पाणी शिंपडत होते, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"सुधा, उभं राहायला नको. वारा बंद झाला की आत भट्टी होते."

एक सायकल-रिक्षावाला जवळ आला. उंच, काटक, डोक्याला पंचा. "काहून थांबल्या बाई? बिघडली काय?"

मी सांगितलं. त्यानं मागं हाक घातली आणि बघता बघता दोन रिक्षावाले, एक दूधवाला आणि हातात पिशवी घेतलेले एक धोतरातले गृहस्थ गाडीच्या मागे उभे राहिले.

"गिअर मी इतक्यात टाकत नाही," मी सांगितलं. "आधी नुसती पळवा. मी सांगेन तेव्हा हात सोडा."

"चाला गा, लावा जोर! बाई सांगून राहिल्या ना!"

गाडी पळायला लागली. ऐकायला सूर नव्हताच, इंजिन बंद होतं; अंदाजानं दुसऱ्यात दांडा रेटला. कर्रकन आवाज झाला, गाडी थरथरली आणि पेटली! मागं ते सगळे टाळ्या वाजवत होते. थांबून आभार मानायचीही सोय नव्हती. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवत राहिले.

सक्करदरा

वासुदेवराव रस्त्यावरच उभे होते. पांढरं धोतर, टोपी, अंगानं भक्कम. आमची गाडी पाहून ते दोन्ही हात उंच करून पुढं आले आणि आम्ही त्यांच्यासमोरून निघून गेलो. "वैनी! हेच घर होय! उतरा ना जी!" म्हणत ते धोतराचा सोगा धरून मागं पळत होते आणि मी सावली शोधत होते. तलावाच्या काठाला मोठ्या कडुनिंबांची रांग दिसली, पाण्यावरून वारा येत होता. मी तिथं गाडी नेली आणि इंजिन बंद केलं. वासुदेवराव धापा टाकत पोचले आणि पहिला प्रश्न विचारला, "जित्या हायेत ना?"

बाराही पेट्या आम्ही कडुनिंबाखाली उतरवल्या. मामंजींनी प्रत्येक पेटीला कान लावला आणि मगच मान हलवली.

मग मी आणि वासुदेवराव रिक्षा करून सुट्या भागांची दुकानं पालथी घालायला गेलो. चार दुकानं झाली. चारही ठिकाणी गाडीचं नाव ऐकून मालकांनी डोकं हलवलं. "हे रबर इथे नाही भेटत. मुंबईहून मागवा लागते. चार दिवस धरा." चार दिवस! मोठ्या गॅरेजवाल्यानं तर गाडी न बघताच तसं सांगितलं. दुसरी गाडी, ट्रक, काही मिळेल का तेही विचारलं. पण पेटीत माश्या आहेत म्हटल्यावर दोघा ट्रकवाल्यांनी हात जोडले.

 परतताना वासुदेवराव हळूच म्हणाले, "बागेत आम्ही तिघं भाऊ हावो. मोठे भाऊ म्हणते, फुलातला रस माशीनं पिला तं फळात काय राह्यते? मी सगळ्याइच्या समोर बोललो, यंदा माश्या आणतो, अन् फळ नाही धरलं तं बागेचा कारभार सोडतो." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "आता माश्याच नाही पोचल्या तं काय सांगू?"

तलावाशी पोचलो तर तिथं माणसांचं कडं जमलेलं. एका पेटीची जाळी उतरवताना सरकली होती आणि फटीतून आख्खं मोहोळ राणीसकट बाहेर पडलं होतं. ते बसलं होतं कुठं, तर कडेच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, दारात टांगलेल्या एका सायकलीच्या हँडलला. नारळाएवढा गोळा, जिवंत, हलणारा. दुकानाचा मालक, साठीचा एक सडपातळ गृहस्थ, आतल्या कोपऱ्यात अडकून पडला होता.

मामंजी सदऱ्याच्या बाह्या वर करून पुढं गेले. हातमोजे नाहीत, तोंडावर जाळी नाही. दोन्ही हातांची ओंजळ त्यांनी त्या गोळ्याखाली धरली आणि हँडल एकदाच हिसडलं. गोळा ओंजळीत पडला. ते सावकाश चालत पेटीपाशी गेले, ओंजळ आत रिकामी केली आणि झाकण लावलं.  मनगटावर एक माशी चावली होती, तिचा काटा त्यांनी नखानं खरवडून काढला.

दुकानाचा मालक बाहेर आला आणि मामंजींचे हात उलटेपालटे करून बघू लागला. "काय हो गुरुजी, तुमाले भेव नाही वाटत?" ते मास्तर आहेत हे त्याला कसं कळलं कुणास ठाऊक.

"त्या भरल्या पोटी आहेत. भरल्या पोटी कुणी भांडत नाही," मामंजी म्हणाले. "भीती वेगळीच आहे." आणि त्यांनी क्लचची सगळी हकिगत सांगितली.

श्रावणभाऊ त्याचं नाव. आधी तो नाहीच म्हणाला. "मोटारीचं काम मी नाही करत जी. मी सायकलवाला मानूस." पण मामंजींच्या हातांवरची त्याची नजर काही हलेना. शेवटी तो उठला, गोणपाट घेतलं आणि गाडीखाली शिरला. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर ते रबरी बूच होतं: फुगलेलं, मऊ पडलेलं, एका बाजूनं फाटलेलं. त्यानं बोटावर तेल घेऊन वास घेतला.

"हे तेल कोनं टाकलं?"

"मी."

"इंजिनाचं तेल होय हे. रबर खाऊन टाकलं त्यानं. वरच्या भांड्यातलं बी फुगलं, पन फाटलं नाही अजून." मग माझा चेहरा बघून त्यानं आवाज खाली आणला. "तुमाले मालूम नव्हतं. होते असं."

तो दुकानात गेला आणि सायकलीला हवा भरायचा पंप घेऊन आला. दट्ट्या ओढून काढला. त्याच्या टोकाला चामड्याची एक वाटी होती, रुपयाएवढी. "मी सावनेरकडच्या खाणीत पंपावर होतो जी, तेवीस वर्सं. पानी उपसाचे पंप. त्याइले चामड्याचेच वायसर. रबर तवा कोठी होतं?" त्यानं ती वाटी, रबरी बूच ज्यात बसतं त्या नळकांड्याच्या तोंडाशी धरून पाहिली. किंचित मोठी. त्याचे डोळे चमकले. "मोठी हाये तं बरं. कापता येते. वाढवता नाही येत."

"पण तेल?"

"एरंडीचं. चामड्याले बी चालते, रबराले बी चालते. त्यात थोडं स्पिरिट, पातळ कराले. खाणीत आमी हेच करत होतो."

वासुदेवरावांच्या भगिनी शकुंतलाबाई त्याच वेळी आमच्यासाठी जेवणाचे डबे घेऊन आल्या होत्या. एरंडेल म्हटल्याबरोबर त्या उलट पावली घरी गेल्या आणि पोरांना पाजायची मोठी बाटली घेऊन आल्या. स्पिरिट वासुदेवरावांनी औषधाच्या दुकानातून आणलं. श्रावणभाऊनं छोट्या कढईत एरंडेल कोमट केलं आणि दोन पंपांच्या दोन चामडी वाट्या त्यात बुडवून ठेवल्या. "भिजू द्या. चामड्याले घाई नाही चालत." आम्हाला होती, पण त्याला कोण सांगणार?

तेवढ्या वेळात आम्ही कडुनिंबाखाली जेवलो. शकुंतलाबाईंनी गोळाभात केला होता: भातात शिजलेले तिखट डाळीचे गोळे, वरून हिंगाच्या फोडणीचं कढत तेल. आमच्याकडे भातावर तूप. इथं तेलाची धार. पहिल्या घासाला मी बिचकले आणि तिसऱ्या वेळी स्वतःच भात मागून घेतला.

"भाजीवर सांबार टाकू का वं ताई?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

मी नको म्हटलं. वांग्याच्या भाजीवर उडप्याकडचं सांबार कशाला? त्यांनी नवलानं पाहिलं आणि मामंजींच्या पानात हिरवीगार कोथिंबीर भुरभुरवली. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात! त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

मग कामाला लागलो. श्रावणभाऊनं वाटीची कड दाढीच्या पात्यानं केसाकेसानं कापली, दट्ट्यावर बसवली, नळकांडं जागेवर ठोकलं. मी पेडलवर पाय ठेवून बसले. तो खालून ओरडायचा, "दाबा! धरून ठेवा! सोडा!" नळीतली हवा अशी थोडी थोडी काढायची असते. वीस वेळा, तीस वेळा. पेडल वर येऊ लागलं.  आणि मग एकदा दाबलं तर पुन्हा थेट तळाला.

"गळलं," खालून आवाज आला. "चामडं मंधी दबून राहिलं."

तीन वाजून गेले होते. मामंजी एका पेटीजवळ गुडघे टेकून बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी गाडीतून उतरले आणि तलावाकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसायला नको होतं. दहा वर्षं त्यांनी एकेक मोहोळ रानातून आणून वाढवलं होतं. आणि मी ओतलं होतं भांडंभर इंजिनाचं तेल.

"ताई," श्रावणभाऊ मागून म्हणाला. "हे झाकन घेऊ का?" त्याच्या हातात माझ्या पावडरच्या डब्याचं पत्र्याचं झाकण होतं, गाडीतल्या त्या डब्यात मी सेफ्टी पिना ठेवते.

त्यातून त्यानं कात्रीनं एक गोल चकती कापली, तिच्या कडा चिमट्यानं किंचित बाहेर वळवल्या आणि ती दुसऱ्या चामडी वाटीच्या पोटात बसवली. वाटीची कड आता फुलाच्या पाकळीसारखी बाहेर ताणली गेली. "आता दबत नाही हे. दाबलं तेवढी अजून घट्ट बसते."

पुन्हा "दाबा, धरा, सोडा." ते चाळिसाव्या वेळी होतं की पन्नासाव्या, मला आठवत नाही, पण माझ्या तळपायाखाली पेडल अचानक घट्ट झालं. जिवंत झालं! मी पुन्हा दाबलं. घट्ट. तोवर बॅटरीही शेजारच्या दुकानात भरून आली होती. इंजिन चालू केलं, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, आणि गाडी उडी न मारता, गचका न खाता, लोण्यासारखी पुढं सरकली. मी ओरडलेच. वासुदेवरावांनी टोपी हवेत उडवली. श्रावणभाऊ हात पुसत होता, पण हसू त्याच्या तोंडावर मावत नव्हतं.

"मुंबईचं रबर आलं की मंग बदलवा," तो म्हणाला. "तवापर्यंत हे चालते." ते तसंच चाललं. ते आम्हाला पारशिवनीला घेऊन गेलं आणि मुंबईचं रबर येईपर्यंत पुढचे सहा दिवस त्यानं एक थेंब गळू दिला नाही.

पारशिवनी

चार वाजता निघालो. वासुदेवराव रस्ता दाखवायला पुढं बसले, मामंजी मागं पेट्यांत. शहर संपलं, कापसाची पऱ्हाटी उभी असलेली काळी शेतं लागली, आणि मी प्रत्येक वळणावर विनाकारण क्लच दाबून बघत होते. बाग दिसायच्या आधी वास आला. मी गाडी हळू केली. संत्र्याच्या फुलांचा वास असा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गोड, पण त्यात किंचित कडवट धार, आणि इतका दाट की तोंडात चव आल्यासारखी वाटते.

सूर्य बागेमागं टेकला होता. पेट्या झाडांच्या ओळींत मांडल्या. मामंजींनी एकेक जाळी काढली. आतून आवाज आला, पण बाहेर कुणी आलं नाही. "अंधार पडतोय. आज नाही निघणार. राहतात की जातात, ते सकाळी."

बांधावर वासुदेवरावांचे मोठे भाऊ उभे होते. हाताची घडी, खांद्यावर घोंगडी. त्यांनी आम्हाला रामराम केला, माझ्याकडे आणि गाडीकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि ते पेट्यांपासून लांबच उभे राहिले.

सकाळी उजाडायच्या बेताला मी बागेत आले तर मामंजी आधीच तिथं उकिडवे बसलेले. वासुदेवराव त्यांच्यामागं, आणि चार हात लांब, पुन्हा हाताची घडी घालून, मोठे भाऊ. ऊन पेट्यांवर आलं. दारांत एकेक माशी डोकावू लागली. आणि अचानक कडेच्या पेटीतून त्या बाहेर पडायला लागल्या, दहा, शंभर, हजार. धुरासारखा लोट वर चढला, झाडांच्या डोक्यावर एक गोल गिरकी मारली आणि उत्तरेला, पेंचच्या जंगलाकडे निघून गेला. तीच पेटी, सक्करदऱ्याला सायकलीवर बसलेली.

"चालली वाटते," मोठे भाऊ म्हणाले.

 मामंजींचं लक्ष उरलेल्या अकरा पेट्यांवर होतं. एक गेली की बाकीच्या मागं जातात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. दुसऱ्या पेटीच्या दारात माश्या जमल्या. बाहेर आल्या. पेटीकडे तोंड करून हवेत डावी-उजवीकडे झुलल्या, घर लक्षात ठेवतात तशा, आणि एकेक करून झाडांत शिरल्या. तिसऱ्या पेटीतूनही तसंच. मग चौथ्या.

आम्ही वाट पाहिली. किती वेळ, सांगता येत नाही. मग एक माशी परत आली. पेटीच्या फळीवर उतरली, दमल्यासारखी थांबली. तिच्या मागच्या दोन्ही पायांना परागाचे पिवळे गोळे चिकटलेले होते, मोहरीच्या दाण्याएवढे. ती आत गेली. तिच्यामागून दुसरी आली. मग तिसरी.

मामंजींनी डोळ्यांवरून हात फिरवला. "राहिल्या," ते म्हणाले. "सुधा, राहिल्या."

गाडीबाहेर मी पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी, सासऱ्यांच्या शेजारी, मातीत बसकण मारली.

घरातून चहा आला. वासुदेवरावांनी भावाला हाक मारली, पण मोठे भाऊ जागेवर नव्हते. ते दुसऱ्या पेटीपुढं, अगदी जवळ, घोंगडी अंथरून बसले होते. हाताची घडी सुटली होती.

"दादा, चहा थंडा होऊन राहिला."

"थांब गा," त्यांनी मान न वळवता हात वर केला. "ते मंघाची, भल्ल्या पिवळ्या पायाची, पुन्हा बाहेर गेली ना, ते अजून परत आली नाई."